बोडीतलं लाकूड

चिंधू गजभिये मोहाडी तालुक्यातल्या करडीचा. घरात सुतारकी कुणी केलेली नव्हती. वडील लोकांच्या धानाच्या बांध्यांत मजुरीला जायचे, आणि चिंधू सतरा वर्षांचा झाला तसा तुमसरच्या एका आरामशीनवर कामाला लागला. बावीस वर्षं त्याने तिथं लाकूड उचललं, फाडलं, रचलं. शेवटी शेवटी नुसत्या भुशाच्या वासावरून तो सांगायचा, हा बीजा, हा हळदू, हे जांभूळ. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत ती आरामशीन बंद पडली. मालक भला होता. त्याने प्रत्येकाला विचारलं, जाताना काय नेतोस? कुणी टिनाचे पत्रे नेले, कुणी सायकल. चिंधूने पाठीमागे पडलेल्या जांभळाच्या दोन जुन्या तुळया मागून घेतल्या आणि बैलगाडीत घालून करडीला आणल्या. त्याची बायको तुळसा त्या तुळयांकडे बघून म्हणाली, "हे शिजवून खाऊ का?"

हे मला पुढे तिनेच सांगितलं. मी तेव्हा करडीच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायचं काम सुरू झालं आणि ते तुळसाबाईंना मिळालं. दीडशे मुलांची खिचडी म्हणजे गंज, म्हणजे पातेलंही तसंच मोठं. ढवळायला दिलेला सराटा लोखंडी आणि आखूड होता. तळाशी लागू नये म्हणून वाकून ढवळावं तर वाफ थेट मनगटावर यायची. एके दिवशी त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. मी घरी जा म्हटलं, पण मुलांचं जेवण झाल्याशिवाय त्या गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या हातभर लांब दांड्याचा लाकडी सराटा घेऊन आल्या. चिंधूभाऊंनी केलेला होता, बीजाच्या लाकडाचा. सराटा दिसायला देखणा होता, पण अर्ध्या तासात खिचडीला चहासारखा रंग चढला. बीजाचं लाकूड पाण्यात रंग सोडतं. मुलं ताटाकडे बघत बसली. संध्याकाळी तुळसाबाईंनी नवऱ्याला काय ऐकवलं असेल ते असो, पण त्या आठवड्यात दुसरा सराटा आला, बाभळीचा. तो इतका जड होता की चार वेढे मारले की खांदा भरून यायचा. मग चिंधूभाऊंनी अंगणातली जांभळाची एक तुळई कापली. तिसरा सराटा जांभळाचा झाला. ना रंग, ना वास, ना वजन. तुळसाबाईंनी तो आठ दिवस वापरला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, आता जमलं पाहा माणसाले."

हिवाळ्यात मोहाडीला खिचडी शिजवणाऱ्या बायांचं प्रशिक्षण झालं. तुळसाबाई सराटा सोबतच घेऊन गेल्या. येताना अकरा गावांच्या बायांची मागणी घेऊन आल्या, एकूण वीस सराटे. चिंधूभाऊंना रात्रभर झोप लागली नाही म्हणे. आरामशीन सुटल्यापासून ते रोवणी-कापणीची मजुरी करत होते आणि आता अकरा गावांना त्यांच्या हातचं काही हवं होतं. तुळया आतून बऱ्याच किडलेल्या होत्या, त्यांतून चारच सराटे निघाले. उरलेल्यांसाठी त्यांनी एका शेतकऱ्याकडून उभं जांभूळ विकत घेतलं, तोडलं आणि पंधरा दिवसांत सगळे सराटे घरोघर पोचते केले.

मार्च लागला, ऊन तापलं. एका सकाळी शेजारच्या गावातल्या शकुनबाई शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. त्याही त्यांच्या शाळेत खिचडी करायच्या. पिशवीतून त्यांनी सराटा काढून तुळसाबाईंपुढे धरला. टोकापासून दांड्यापर्यंत चीर गेली होती.

"याच्यात भात फसते," शकुनबाई म्हणाल्या. "कितीबी धुवा, वास येते. लेकरायच्या जेवणात मी हा कसा घालू, सांग बरं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तेच तुळसाबाईंना जास्त लागलं.

चिंधूभाऊ दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन निघाले. अकराही गावं पालथी घातली. जे सराटे फुटले होते ते घेतलेच, जे फुटले नव्हते तेही हातात फिरवून, उन्हाकडे धरून बघितले. सोळा सराटे सायकलच्या कॅरिअरला बांधून ते परत आले. जुन्या तुळयांचे चार मात्र धड होते. म्हणजे चूक हातात नव्हती, लाकडात होती. पण नेमकी कोणती, हे त्यांना कळेना. आरामशीनवर लाकूड फाडायला शिकले होते, ते मुरवायचं कसं हे तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

गावात ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, गोमाजी सुतार. सत्तरी ओलांडलेला. एके काळी आसपासच्या दहा गावांच्या बैलगाड्या, नांगर आणि दारं त्याच्या हातची असायची. ट्रॅक्टर आले, लोखंडी दारं आली आणि त्याने लाकूड तासायची वाकस खुंटीला टांगली. चिंधूभाऊ त्याच्याकडे कधी गेले नव्हते. त्यांनी लाकडाचं काम धरलं तेव्हा चावडीवर कुणीतरी म्हणालं होतं, सुतारकी का शिकून येते? ती घरात असावी लागते. म्हणणारा गोमाजी नव्हता, पण चिंधूभाऊंच्या मनात त्याच्या घराचं दार तेव्हापासून बंदच होतं.

तुळसाबाई म्हणाल्या, "जा नं. हाकलन तर परत या. पाय काई झिजत नाई."

ते सोळा सराट्यांचा भारा घेऊन गेले. गोमाजी ओट्यावर बसून पान लावत होता. त्याने भाऱ्यातून एक सराटा ओढला, चिरेत नख घातलं आणि टोकाचा वास घेतला.

"कवा तोडलं होतं?"

"पौषात."

"अन् सराटे?"

"पौषातच."

गोमाजी हसला. "अरे बाप्पा, तुनं तर जित्या झाडाचेच सराटे केले. पाणी अंदर होतं त्याच्या. ऊन लागल्यावर ते निघन नाई तं काय करन?"

"मंग का कराव, गोमाजीकाका?"

"आता पानगळ चालू आहे. आता तोड. तोडल्यावर बोडीत टाक. पावसाळाभर बुडून राहू दे. दिवाळीनंतर काढ अन् सावलीत रच, मधात हवा जाईन असं. पुढचा उन्हाळा त्यानं सावलीत काढला का मंग हात लाव."

चिंधूभाऊंनी मनातल्या मनात महिने मोजले. सव्वा वर्ष होत होतं.

"इतके दिवस लोक थांबतीन का?"

"ते मले नाई माहीत. लाकूड थांबते." गोमाजीने पान तोंडात टाकलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "आरामशीनवरून येऊन तुले दोन साल झाले. आताच काहून आला?"

"वाटलं, तुमी सांगणार नाई."

"मले कोणी इचारलंच नाई," गोमाजी म्हणाला. "पोट्टे पुण्याले गेले. एकानंबी रंधा धरला नाई."

चिंधूभाऊ पुन्हा अकरा गावं फिरले. प्रत्येकीला सांगितलं, पैसे हवे असतील तर धान निघाल्यावर देतो, सराटा हवा असेल तर पुढच्या वर्षी शाळा उघडते तेव्हा देतो. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. सराट्याले वर्ष लागते होय? पण पैसे कुणी मागितले नाहीत. शकुनबाई तर म्हणाल्या, "तू सायकल हाणत परत आला, हेच लई झालं."

गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, जांभळाचे सहा ओंडके दगडांना बांधून बुडवले गेले. सोबत शेताच्या धुऱ्यावरची एक जुनी बाभूळही. गुरांना पाणी पाजायला येणारे लोक विचारायचे, काय चिंधू, लाकूड रोवलं का? ते म्हणायचे, हो, उगवलं की सांगतो. त्या वर्षी ते रोवणीला गेले, कापणीला गेले, तेंदूपत्ता तोडायला गेले. आणि रिकाम्या दुपारी गोमाजीच्या ओट्यावर बसून शिकले. लाकडाची रेषा कुठून कुठं जाते, पटाशी कोणत्या अंगाने चालवायची, खिळा न मारता दोन लाकडं एकमेकांत कशी बसवायची. गोमाजीने त्यांना वाकस वापरायला दिली, पण ती घरी नेऊ दिली नाही. हत्यार पाहायला रोज यावं लागेल, म्हणाला. मला वाटतं, त्याला हत्यारापेक्षा सोबतीची गरज होती.

पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी शाळा उघडल्या त्या आठवड्यात सोळा सराटे पोचले. तुळसाबाईंनी प्रत्येकाला जवसाचं तेल चार-चार वेळा चोळलं होतं. त्यातला एकही फुटला नाही. माझी बदली होईपर्यंत आमच्या शाळेतला सराटा तोच जुन्या तुळईचा होता, फक्त ढवळून ढवळून त्याची एक कड झिजून गोल झाली होती.

मग काम थांबलं नाही. काठवटी, पोळपाट, रव्या, जेवायचे पाट. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथं तुळसाबाई पाल टाकून बसू लागल्या. गिऱ्हाइकाने काठवट उचलली की त्या म्हणायच्या, "वाजवून पाहा." चांगलं मुरलेलं लाकूड टणक वाजतं. बाभळीपासून चिंधूभाऊंनी बाका, बाजेच्या पाट्या, टेबलं करायला घेतली. एकदा नागपूरचा एक दुकानदार मोटार घेऊन आला. महिन्याभरात दोनशे काठवटी पाहिजेत म्हणाला. चिंधूभाऊ त्याला बोडीवर घेऊन गेले आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

"माल इथं आहे. पुढच्या साली भेटन."

दुकानदार मोटारीत जाऊन बसला. तो परत आला नाही. चिंधूभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. जेवढं लाकूड मुरेल तेवढंच काम, असं एकदा ठरल्यावर त्यांची घाई गेली. दुपारी झोप काढायला लागले, असं तुळसाबाई तक्रारीच्या सुरात, पण हसत सांगायच्या.

मी निवृत्त होऊन भंडाऱ्याला राहायला आले तेव्हा त्यांना जेवणाचं टेबल करायला सांगितलं. दोन वर्षं लागतील म्हणाले. मी म्हटलं, आता मला तरी कुठं घाई आहे. दोन वर्षं आणि वर एक महिना लागला. छोट्या टेम्पोत टेबल घालून दोघं नवरा-बायको आले. काळसर लाल बाभूळ, कुठे खिळा नाही. माझ्या घरची फरशी मात्र एका कोपऱ्यात खाली होती, त्यामुळे टेबल हललं. चिंधूभाऊ टेबल उलटं करून गुडघ्यावर बसले, पिशवीतून रंधा काढला आणि खोल कोपऱ्यातला पाय सोडून बाकीच्या तीन पायांच्या टोकांवरून तो अलगद फिरवला. सरळ उभं केल्यावर टेबल स्थिर झालं. खाली पडलेल्या पातळ सालपटांतून बाभळीचा वास येत होता.

मी नव्या टेबलावर तीन ताटं वाढली. तुळसाबाई खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून थोडा वेळ बसल्या, मग ताट उचलून खाली फरशीवर गेल्या.

"यानं लोकायसाठी कितीबी टेबलं कराव," त्या म्हणाल्या, "मले तं खाली बसूनच गोड लागते."

चिंधूभाऊंनी माझ्याकडे बघितलं, आणि तेही ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.