हिरव्या नेटखालची गल्ली

होळी झाली की नागपुरात हिरव्या नेट दिसू लागतात. दुकानांपुढे, शाळेच्या अंगणावर, सिग्नलला थांबणाऱ्यांच्या डोक्यावरसुद्धा. प्रताप नगरच्या मागे, नाल्याला लागून एक वस्ती आहे. तिच्या शेवटच्या गल्लीत मात्र घराघराची वेगळी नेट नसे. सगळ्यांच्या नेट सुतळीने एकमेकींना शिवून, घरांच्या टिनाच्या छपरांवरून ओढून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मांडव घालत. टिन तापलं की आत बसवत नाही, आणि कूलर सगळ्यांकडे नाही. त्या मांडवाखाली पापड वाळत नसत एवढंच. बाकी सगळं तिथंच चाले. पाळणे, भाज्या निवडणं, बारावीचा अभ्यास, भांडणंही.

त्या गल्लीत मी नोकरीमुळे गेले. तालुक्याच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली ग्रॅज्युएट. सदर भागातल्या एका संस्थेत मला संगणकावर नकाशे करायचं काम मिळालं, तेव्हा आईने गावात पेढे वाटले. संस्थेला परदेशातून मदत होती. शहरातल्या वस्त्या नकाशावर आणायच्या आणि तो नकाशा सरकारी खात्याला द्यायचा, म्हणजे घरांना मालकीचे पट्टे मिळतील, असं काम. आमचे सर म्हणायचे, "जो नकाशावर नाही, त्याला हक्क नाही." मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते घरी फोनवरही सांगितलं होतं.

सर खरंच चांगले होते. इंग्रजी अडखळायचं तेव्हा ते कधी हसले नाहीत. मी पहिल्यांदा विमानात बसले ती त्यांनीच प्रशिक्षणाला पाठवलं म्हणून. हे मी आजही विसरलेले नाही, आणि त्यामुळेच पुढचं सांगताना तोंड जास्त कडू होतं.

गल्लीत शेवटून दुसरं घर एका मावशींचं. प्रताप नगरातल्या तीन घरी स्वयंपाक करायच्या. नवरा वारल्यापासून त्यांना एकच धास्ती होती, की पायाखालची जागा आपल्या नावावर नाही. कोणीही येऊन ऊठ म्हणू शकतो. मी नकाशाचं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मंग आमचा संडासही टाकजो वं त्याच्यात. वर्गणी काढून बांधला आम्ही. सरकारले दिसू दे."

नकाशा उपग्रहाच्या फोटोवरून व्हायचा होता. संगणक स्वतःच फोटो वाचून रंग भरायचा. घरं लाल, रस्ते राखाडी, झाडं हिरवी. त्यानंतर आम्ही वस्तीत फिरून पडताळणी करायची, असं आधी ठरलं होतं. मुदत कमी पडली आणि पडताळणी गळाली. आलेला फोटो मे महिन्यातला होता. मी वस्तीचं पान उघडलं, तर पुढच्या गल्ल्या लाल, आणि नाल्याकाठी एक लांबलचक हिरवा पट्टा. आधी मला हसू आलं. मग माझ्या लक्षात आलं की मावशींचं घर त्या पट्ट्यात आहे.

मी सरांकडे गेले. त्यांनी पडद्यावर वाकून पाहिलं. "चांगलं पकडलंस."

"सर, मी उद्या सकाळीच जाऊन घरं टाकून येते. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"बेटा, पद्धत सगळ्या वस्त्यांना एकच पाहिजे. एका ठिकाणी हाताने बदललं की बाकीच्यांवर प्रश्न येतात. पुढच्या टप्प्यात घेऊ."

मदत देणाऱ्यांना मी स्वतः मेल लिहिला. तीन जणींना दाखवून इंग्रजी सुधारून घेतलं. उत्तर आलं, की तुमच्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

मग एका हॉटेलच्या गारठलेल्या हॉलमध्ये नकाशाचं प्रकाशन झालं. परदेशातून आलेल्या मॅडमनी त्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, एवढ्या दाटीतही या लोकांनी झाडं जपली आहेत. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं की ती झाडं नाहीत, उन्हाची नेट आहे, खाली माणसं राहतात. मॅडम मन लावून ऐकत होत्या. "किती सुंदर गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "अशा गोष्टी आपण जमवायला हव्यात." लोक प्रेमाने हसले. मग चहा झाला.

हिवाळ्यात खात्याची माणसं टेप घेऊन वस्तीत आली. पुढच्या गल्ल्यांत दारादारांवर नंबर पडले. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी हातातला नकाशा पाहिला आणि ती माणसं वळली. मावशी मागे धावल्या. "इथं मोकळी जागा दाखवली आहे, झाडं आहेत," असं त्यांना सांगितलं गेलं. "मंग मी झाडावर बसून पोळ्या लाटून राहिली का?" असं त्या विचारत राहिल्या. ती माणसं म्हणाली, आमच्या हातात नाही, नकाशात करून आणा.

मी गेले तेव्हा गल्लीतल्या बाया ओट्यावर बसल्या होत्या. मावशींनी मला पाहिलं. "या मॅडम. काहून वं, माहं घर झाड हाये का? मंग त्याले आंबे काहून नाही लागत?"

सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "आंबे लागले तरी त्याचा पट्टा पुढच्या गल्लीले भेटन." पुन्हा हसल्या. मला त्या हसण्यापेक्षा शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

हसणं थांबल्यावर मावशींनी हळूच विचारलं, "पुन्हा काढतीन का फोटो?"

"काढतात अधूनमधून."

"कधी?"

"ते आपल्याला कळत नाही, मावशी."

उन्हाळा आला. तोवर प्रकल्प संपला होता. सर दुसऱ्या राज्यात, पाण्याच्या कामावर गेले होते. मला सीताबर्डीच्या एका खासगी ऑफिसात जागा मिळाली; तिथे मी फ्लॅटच्या जाहिरातींसाठी नकाशे काढते. नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ आगीच्या दिवसांत, एका रविवारी मी वस्तीत गेले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि डोळे दिपले. यंदा नेट नव्हती. एकाही घरावर नव्हती. सगळी टिनं उघडी, चमकत होती. मावशी दारात ओला पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. आत खाटेखाली नेटची घडी दिसत होती, सुतळीसकट.

मी म्हणाले, "मावशी, तो प्रकल्प बंद झाला. आता कोणी फोटो बघणार नाही. नेट बांधून घ्या, माणसं आजारी पडतील."

"तुले का माहीत कधी काढतीन?" त्या म्हणाल्या. "तूच तं म्हणली होती, आपल्याले कळत नाही."

शेजारच्या घरात लहान मूल रडत होतं आणि कोणीतरी त्याला पुठ्ठ्याने वारा घालत होतं. मावशींनी बादलीतलं पाणी तांब्याने टिनावर फेकलं. ते वरच्या वरच सुकलं. मग त्या जराशा सरकल्या आणि दाराआडच्या वीतभर सावलीकडे मला हात केला.

"तू बस वं आत," त्या म्हणाल्या. "तुले वरून दिसाची गरज नाही."