सलाईनच्या डब्यातल्या अळ्या

राजूरच्या बाजारात मध विकणारा एक मधपाळ आम्हाला अळ्या द्यायचा. मेणपतंगाच्या या अळ्या मधाची पोळी पोखरतात, त्यामुळे त्या मागायला कोणी येतं याचंच त्याला हसू येई. "मी हेन्ला माराया औषध हुडकतोय आन् तुमी आजारी पाडाया नेताय? लई भारी शिक्षण हाय!" म्हणायचा.

संगमनेरच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी माझ्याकडे पाथर्डीकडची एक मुलगी आली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिचा प्रश्न सरळ होता. माणसाच्या अंगावर निमूट राहणारं एक यीस्ट संधी मिळाली की धागे फोडतं आणि आत घुसतं. धागे फोडायला लावणारा जीनच काढून टाकला, तर आजाराचा जोर कमी होतो का? जीन काढलेलं यीस्ट पुण्याच्या एका प्रयोगशाळेने दिलं. ते सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, कालवून काही अळ्यांना टोचायचं, मूळचं काहींना, आणि बघायचं. आजारी अळी काळी पडते, धडधाकट अळी सायीच्या रंगाची राहते.

टोचायचं काम मी कोणाला देत नसे. बारीक सुई अळीच्या शेवटच्या पायाशी अलगद सरकवायची, आतडं फाटू द्यायचं नाही. माझ्या हाताचा मला भारी तोरा होता. पण पहिल्या खेपेला दोन्ही डब्यांतल्या अळ्या सारख्याच काळ्या पडल्या.

"जीनचा काही संबंध नाही, लिहून टाक," मी म्हणाले. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते.

ती जागची हलली नाही. "मॅडम, नुसतं सलाईन टोचून बघू का?"

"सलाईनने कोण मरतं? अळ्या काय झाडाला लागतात?" मी खेकसले. खरं तर तुलनेसाठी नुसत्या सलाईनचा तो डबा आधीच हवा होता. अळ्या वाचवायला मीच तो वगळला होता.

"बघू तरी, मॅडम. अर्ध्या तुम्ही टोचा, अर्ध्या मी. लवकर उरकंल."

मी नाइलाजाने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन डबे माझ्यापुढे ठेवले. तिच्या डब्यातल्या अळ्या खुशाल वळवळत होत्या. माझ्या डब्यातल्या बहुतेक काळ्याठिक्कर. नुसत्या सलाईनने! मला आधी तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली.

"वर्षभर हात थरथरतोय माझा," मी शेवटी म्हणाले.

"मला ठावं हाय, मॅडम. तुम्ही कप दोन्ही हातांनी धरता."

एवढं ठाऊक असून पोरीने मला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं, आणि प्रयोगालाही फसू दिलं नव्हतं. मला तिचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

पुन्हा अळ्या आणल्या. या वेळी सगळ्या तिने टोचल्या, मी नुसत्या मोजल्या. मूळ यीस्टच्या डब्यातल्या दोन दिवसांत काळ्या पडल्या. जीन काढलेल्या डब्यातल्या बहुतेक जगल्या, सलाईनच्या तर सगळ्याच. आम्ही दोघी त्या डब्यांकडे खुळ्यासारख्या बघत बसलो.

प्रयोगवही सहीसाठी माझ्याकडे आली. 'पहिली खेप रद्द' असं तिने लिहिलं होतं, आणि पुढे 'कारण' म्हणून ओळ कोरी सोडली होती. खोटं तिला लिहायचं नव्हतं, खरं लिहवत नव्हतं. मी पेन घेतलं आणि तिथे लिहिलं, 'मार्गदर्शकाचा हात थरथरतो.' अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येतं.