अक्कांना विचारावे

आमच्या कारखान्यात आलेल्या त्या पुण्याच्या कंप्यूटरवाल्या साहेबांइतकं दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस अख्ख्या बेंगळूरात नसेल. माझा नवरासुद्धा माझं एवढं ऐकत नाही. शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात मी बटणांची खोली सांभाळत होते. ती खोली कंप्यूटरवर घ्यायचं मालकांनी ठरवलं. कंप्यूटरनं काय काय करायचं ते आधी कागदावर लिहून मालकांची सही घ्यायची, हे या साहेबांचं काम. त्या कागदांना ते 'स्पेक' म्हणत आणि तान्ह्या लेकरासारखे छातीशी धरून हिंडत. विचारायचं वेड तर असं, की कँटीनच्या बाईनं चहा दिला तरी यांचं सुरू, "साखर किती घालायची ते कोण ठरवतं? संपली तर कुणाला सांगता?" ती म्हणायची, "स्वल्प गप्प बसून प्या, सार!"

मी कुणाशी फारसं बोलत नाही. यांच्याशी बोलले. दोन खेपांची पांढरी बटणं कधीच एकसारखी नसतात, ती बघून ओळखावी लागतात, असं सांगितलं.

"कशी ओळखता, अक्का?"

मला सांगता येईना. मग त्यांनी लिहिलं, 'अक्कांना विचारावे.' कागद इंग्रजीत, पण ते शब्द त्यांनी बोट ठेवून दाखवले. पहिल्या कागदात अकरा ठिकाणी होते. चौथी शिकलेल्या बाईला अकरा ठिकाणी विचारायचं! मी हुरळून गेले.

मालक रोज काहीतरी बदलायचे. हे न कुरकुरता सगळं नव्यानं लिहायचे आणि पुन्हा माझ्याकडे यायचे. मीही आठवून आठवून सांगायची. प्रत्येक नव्या कागदात माझी ठिकाणं कमी होत गेली. सात, चार, मग एकच. मला वाटलं, मी छान समजावतेय.

शेवटच्या बैठकीला बटणांचे डबे घेऊन मी कोपऱ्यात उभी होते. मालक म्हणाले, "कंप्यूटर घेतोय तो अक्काला विचारायला? काढा ते."

"एक राहू द्या, सर. लागेल."

"सही पाहिजे का नको?"

साहेबांनी ओळ खोडली. सोमवारपासून बटणांच्या खोलीत कॉलेज शिकलेली मुलगी बसली आणि मी धागे कापायच्या टेबलावर गेले.

महिन्याभरानं ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नजर खाली.

"अक्का, आता या टेबलाचंही लिहायचंय. शर्ट हातात आला की आधी काय बघता?"

या खेपेला मला अर्थ कळत होता. पण महिनाभर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी कात्री खाली ठेवली.

"आधी कॉलर," म्हटलं.