फुलं बघायला कोण येतं?

हातातली काठी वाटेवर आडवी धरायची आणि विचारायचं, "कोणी धाडलं?" वेरूळच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या त्या लहानशा गावात शिरणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत ती धनगरीण असं करायची.

पावसाळा सरला की पठार सोनकीनं पिवळं व्हायचं, कातळात कोरलेलं जुनं टाकं काठोकाठ भरायचं. ते बघायला शहरातून माणसं यायची. तिला हे पटायचं नाही. "फुलं बघायला कोण येतं एवढं वर? दुसरं कायतरी काम हाय यांचं." मेंढरं सोडून ती त्यांच्या मागं मागं फिरायची. पाहुणे टाक्यावरचं कोरीवकाम बघायचे, ती पाहुण्यांना बघायची.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हा मी तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो. ती मला दूध घालायची. आपल्याकडं गिऱ्हाइकं दूधवालीवर संशय घेतात, तुम्हीही घेतला असेल; इथं उलटं होतं. एकदा जास्त दूध मागितलं, तर तिनं माझ्या दारामागं डोकावून पाहिलं. "एकटाच राहतोस ना? मग एवढं कोण पिणार?"

तिची पोर सखू तेरा-चौदा वर्षांची. तिला शाळेत पाठव म्हणालो, तर म्हणाली, "नाव लिहून घेणार?"

"घ्यावं लागतं."

"मंग नको."

एका सकाळी एक तरुण घाट चढून वर आला. हैदराबादहून आलोय, म्हणाला. सकीनाला, आपल्या बहिणीला शोधत होता. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत खालच्या गावातून पळताना तिचा हात सुटला होता. वरच्या धनगरणीनं एक पोर सांभाळलीय, असं त्याच्या कानावर आलं होतं.

"अशी कोणी नाय इथं," तिनं सांगितलं. गावानंही तेच सांगितलं. तो देवळापाशी वडाखाली बसून राहिला. लोकांच्या नजरा सखूच्या घराकडं वळताना बघून मला उमगलं, की सकीना म्हणजे सखूच. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. मी परका, म्हणून माझ्यापाशी कोणी तोंड उघडलं नव्हतं.

संध्याकाळी धनगरीण माझ्या दारात आली. "मास्तर, त्याला बोलता कर. काय काय विचारतो ते मला सांग."

मी त्याला जेवायला बोलावलं. खरं तर माझाही त्याच्यावर पुरता भरवसा नव्हता. तो जेवून गेल्यावर मी तिच्याकडं गेलो.

"तुझं घर कुठंय ते त्यानं विचारलं नाही," मी म्हणालो. "सखूचं लग्न झालं का, तेही नाही. म्हणाला, धनगराच्या घरी ताक फार. तिला लहानपणी ताकानं पोटात दुखायचं. एवढंच विचारलं त्यानं, अजून दुखतं का."

 "दुखतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला अंगणात बसवलं आणि सखूला आपल्या पाठीशी. सखूनं काही भावाला ओळखलं नाही.

"अम्मी आहे अजून," तो म्हणाला. "डोळे गेलेत तिचे."

"आई हाय? मंग आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असता, आईचं नाव काढून फसवतोय."

तिनं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. "व्हय. तसंच म्हणले असते."

सखू रडली, जाणार नाही म्हणाली. "आई हाय तुझी, जा," धनगरीण म्हणाली. "नाय करमलं तर परत ये. वाट ठावं हाय तुला." त्यांना गाडीत बसवताना तिनं ड्रायव्हरचं गाव विचारलं, त्याच्या बापाचं नाव विचारलं, आणि ही गाडी औरंगाबादलाच जाती ना, हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

त्याच हिवाळ्यात छातीत कफ धरून धनगरीण गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला सखू आईला घेऊन वर आली. धनगरणीला भेटवायला तिला आणलं होतं. ती गेल्याचं गावात आल्यावरच कळलं. मी दोघींना पठाराच्या कडेला घेऊन गेलो.

"कुठं बसायची ती?" आईनं विचारलं.

सखूनं तिचा हात धरून एका कातळावर ठेवला. बसून बसून तो गुळगुळीत झाला होता.

"कशी दिसायची गं?"

 सखू म्हणाली, "रागावलेली. सारखी रागावलेली. मी जेवत असले म्हणजे तेवढी नाही."

कातळ उन्हानं तापला होता. आईनं हात काढला नाही.