कबुतरांची ज्वारी

ज्वारीच्या पोत्याला टेकून बसलेली ती बाई एकदम कलंडली आणि कबुतरं तिच्या पदरावरचे दाणे टिपू लागली. लोक म्हणाले, ऊन लागलं. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, गालांची हाडं पाहिली आणि समजले, ही भूक आहे.

मयूर विहारच्या चौकात ती कबुतरांसाठी दाणे विकायची. लोक तिच्याकडून वाटीभर ज्वारी घेऊन पुण्य म्हणून उधळायचे. मी मात्र भाकरीसाठी घ्यायचे. इकडे उत्तरेत दुकानात ज्वारी पुडीत मिळते, औषधासारखी आणि औषधाच्याच भावात. "कबूतर की अम्मा आ गई," असं ती मला चिडवायची आणि माझ्या ज्वारीतले खडे आधीच वेचून ठेवायची.

ती शुद्धीवर आल्यावर मी खडसावलं, "अनाज से टिककर बैठी है, फिर भूखी क्यों?"

"ये दान का है, अम्मा. हम खाएँ तो पाप लगे." मग ओठ पुसून म्हणाली, "बनिया कहता है, दाल जहाज से आती है, इसलिए महँगी. आटा भी महँगा, वो तो बगल के हरियाणा का है. वो कौन-से जहाज से आया?"

घरी तिच्याचकडून घेतलेल्या ज्वारीचं पीठ होतं. दोन भाकऱ्या थापल्या, ठेचा घेतला आणि परत चौकात गेले.

"ये दान का नहीं. मैंने खरीदा है, मेरे घर का है. चुपचाप खा."

तिनं भाकरी कपाळाला लावली आणि खाल्ली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला शिवी दिली.

उन्हाळाभर मी एक भाकरी जास्त थापली. ती जगली.