मूठ मिटली आणि पोरगा गेला

आमच्या मामेसासऱ्यांनी दुसऱ्याच्या खिशातले जेवढे पैसे तोंडी खर्च केलेत, तेवढे खरोखर खर्च झाले असते तर अख्ख्या वसई-विरारला एव्हाना सोन्याचे रस्ते झाले असते. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. खाडीकाठच्या गावात राहतात, थोडी भातशेती करतात आणि वालीवच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून आयुष्यभर लोकांच्या उशिरा येण्याची नोंद करून निवृत्त झालेत. घरातली चप्पल अंगठ्यापाशी तुटली तर तिला तार लावतात, आणि तार तुटली तर तारेला दोरा. पण गावच्या क्रिकेट संघाचा विषय निघाला की मामांचा हात असा काही सैल सुटतो की विचारू नका! अर्थात हात त्यांचा, पैसे संघमालकाचे.

हा संघमालक गावातलाच, रेती-खडीचा धंदा करणारा. आमच्या या भागात टेनिस बॉलच्या क्रिकेटसाठी प्रत्येक गावाचा एक संघ असतो आणि प्रत्येक संघाला एक मालक असतो. टी-शर्ट, टेम्पो, बिर्याणी, बाहेरून आणलेल्या एखाद-दुसऱ्या खेळाडूचं मानधन, हे सगळं त्याने करायचं आणि बदल्यात वर्षभर शिव्या खायच्या. सामने हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतात. मग मैदानात गुडघाभर पाणी आणि देवळासमोरच्या कट्ट्यावर मामा. कोणाला ठेवावं, कोणाला सोडावं, शेजारच्या गावाला कोण देऊन कोण आणावा, याची सभा रोज संध्याकाळी भरते. मी मूळचा सोलापूरकडचा, आता चंदनसारला फ्लॅटमध्ये राहणारा. लग्नानंतर पहिल्यांदा त्या कट्ट्यावर बसलो तेव्हा कानावर आलं, ‘पोरगा चांगला हाय, पन खांदा कामातून गेलाय. तरी घेतील, आपन दोन महिने झाकून ठेवायचा.’ मला वाटलं कोणाच्या तरी सोयरिकीची बोलणी चाललीत. माझीही अशीच झाली असणार, या विचाराने मी हळूच स्वतःचा खांदा चाचपून पाहिला.

मामांचं तत्त्व एकच. संघ चालवायचा तर काळीज घरी ठेवून यायचं. गावच्या यष्टिरक्षकाला त्यांनी त्याच्या लग्नाच्या आठवड्यात कट्ट्यावर विकलं, तेही त्याच्या बापाच्या देखत, आणि वर बापालाच म्हणाले, ‘तुमी मन मोठं करा, नायतर संघ असाच सडनार.’ तो बापडा पत्रिका द्यायला आला होता. ती देऊन निघून गेला. मालकाने एकदा तुळिंजचा एक फलंदाज चांगले पैसे मोजून आणला, तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तर पुढचे सहा महिने मामा दर संध्याकाळी ते पैसे नव्याने खर्च करत होते. कधी दोन गोलंदाज, कधी एक गोलंदाज आणि रोलर. पुढच्या वर्षी मालकाने खेळाडू न आणता टी-शर्टवरचा स्वतःचा फोटो तेवढा मोठा केला. मामांनी टी-शर्ट हातात धरून सगळ्यांना दाखवला. ‘हा फोटो यॉर्कर टाकनार काय?’ तेव्हापासून मालक कट्टा टाळून लांबच्या वाटेने घरी जायचा. दहा डंपरांचा धनी, पण मामांच्या तोंडाला कोण लागणार!

कट्ट्यावर कधीही न बसणारा गावात एकच माणूस होता. मामांचा मुलगा. डावखुरा गोलंदाज. अठरा वर्षं गावच्या संघातून खेळला, बोलायचा कमी. वय छत्तीस. गेल्या पावसाळ्यात त्याने घरी सांगून टाकलं होतं की येता हंगाम आपला शेवटचा, गावच्या शर्टात खेळायचं आणि थांबायचं. मामींनी तर शेवटच्या दिवशी काय रांधायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

आणि मग हंगामाच्या तोंडावर नात्यातली एक हळद आली. आमच्या सासरी हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. मांडवात दोन गावं जमलेली, बँजो थांबलेला, पुढ्यात विड्याचं ताट आणि मामा रंगात आलेले. समोर शेजारच्या गावाच्या संघाचा मालक, बाजूला मान खाली घालून बसलेला आमचा मालक. खेळाडूंच्या अदलाबदलीला आमच्याकडे कागद लागत नाही. पाच माणसांसमोर तळहातावर सुपारी ठेवायची, ज्याने मूठ मिटली त्याने शब्द दिला. मामा हात पुढे करकरून सांगत होते, ‘आमच्या मालकात दम असता ना, तर माझाच पोरगा देऊन ह्यांचा तो सलामीचा पोरगा आनला असता! हिशेब म्हंजे हिशेब!’ शेजारच्या मालकाने ताटातली सुपारी उचलली आणि त्या पुढे आलेल्या हातावर ठेवली. ‘दिला, मामा?’

आता बोलताना मूठ आपटायची मामांना जन्माची खोड. मूठ मिटली.

मांडवात कोणी हसलं नाही. मामांनी स्वतःच्या मुठीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची होती. आमचा मालक इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वर करून बोलला, ‘मामा म्हनतात तर मी कशाला नाय म्हनू?’

घरी मामींनी जे काही ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. त्यातलं सांगण्याजोगं एवढंच, की ‘पोटचा पोरगा काय ताटातली सुपारी हाय, उचलून द्यायला?’ मुलगा चहा पीत बसला होता. म्हणाला, ‘राहू दे ना आई. बाबांनी शब्द दिलाय. मी खेळतो तिकडून.’ त्याने एकदा जरी आवाज चढवला असता ना, तर मामांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मामा मला सोबत घेऊन मालकाकडे गेले. दहा वर्षं ज्याची कट्ट्यावर सालटी काढली, त्याच्या ओसरीवर खुर्चीच्या अगदी कडेला बसले. म्हणाले, ‘त्याला परत मागून घ्या. ते काय मागतील ते द्या.’ मालकाने पाणी दिलं, चहा दिला, आणि अगदी नम्रपणे विचारलं, ‘मामा, छत्तीस वर्षांच्या बोलरवर एवढा खर्च केला, तर तुमी कट्ट्यावर काय म्हनाल?’ मी वाट पाहिली. मामांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला आणि ते उठले. खरं सांगतो, मला जराही मजा वाटली नाही. येताना वाटेत मीच उगाच हवापाण्याचं काहीतरी बोलत राहिलो.

त्या हंगामातला मुलाचा शेवटचा सामना पडला तो नेमका आमच्याच गावाविरुद्ध. मामा आपल्या नेहमीच्या जागी, आपल्या गावच्या बाजूला बसले. मुलाने आमच्या कर्णधाराचा त्रिफळा उडवला तेव्हा आमच्या बाजूला चिडीचूप झालं आणि त्यात एकच टाळी वाजली. मामांनी हात घाईघाईने खिशात घातले. सामना आमच्या गावाने जिंकला. सलामीचा तो नवा पोरगा छान खेळला, म्हणजे मामांचा हिशेब बरोबरच निघाला म्हणायचा.

आमची मंडळी नाचत होती आणि पलीकडे त्या दुसऱ्या गावाच्या लोकांनी शाल-नारळ काढला होता. चार महिन्यांची ओळख, पण माणसं रीत जाणणारी. माइकवरून आवाज आला, ‘आमच्या या खेळाडूचा आज शेवटचा सामना. शाल घालायला त्याच्या घरचं कोणी आहे का?’

मामा उठले. मैदानाला वळसा घालून जाता आलं असतं, पण ते आपल्या नाचणाऱ्या गावाच्या मधून, खेळपट्टीवरून सरळ चालत गेले. आमचा बँजो हळूहळू थांबला. मामांनी पोराच्या खांद्यावर शाल घातली, ती नीट बसेना म्हणून दोनदा सारखी केली. कोणीतरी त्यांच्यापुढे माइक धरला. आता हा माणूस दोन तास सोडत नाही, असं वाटून दोन्ही गावं खाली बसली.

‘माझा पोरगा हाय,’ मामा म्हणाले, आणि त्यांनी माइक परत दिला.