सासरवाडीचे मासे

सासरवाडीत माझी मनापासून वाट बघतात ते विहिरीतले मासे. माणसांचं सोडा!

जाफराबादजवळ सासऱ्यांचं शेत आहे आणि शेतात पायऱ्यांची मोठी विहीर. मी जालन्यात बँकेत खुर्ची उबवणारा माणूस, पोहायला शिकलो तेच मुळी चाळिशीत (तेही बायकोकडून!). त्यामुळे मिरवायला मला काहीतरी हवं होतं. मुठीत पोळीचा तुकडा घेऊन मी बुडी मारायचो, पाण्याखाली मूठ उघडायचो आणि मासे हातावर तुटून पडायचे. काठावरची पोरं टाळ्या वाजवायची. बायकोला हे बिलकुल पसंत नव्हतं. याच विहिरीत ती लहानाची मोठी झाली. मासे शेवाळ खाऊन मजेत आहेत, त्यांना आयत्याची सवय लावू नका, असं ती दर सुट्टीत बजावायची. मी तिला भूतदयेवर भाषण ऐकवायचो.

या उन्हाळ्यात आमची गौरी एकदाची पाण्यात उतरायला तयार झाली. आधीचे दोन उन्हाळे ती काठावरूनच परत फिरली होती आणि मामाची पोरं तिला भित्री म्हणायची, ते तिला फार लागायचं. पाठीला रिकामा कॅन बांधून, डोळे गच्च मिटून ती शेवटच्या पायरीवरून पाण्यात गेली. मला अगदी भरून आलं.

पण माशांना काय ठाऊक कोण उतरलंय! माणूस आला म्हणजे पोळी आली, एवढंच मी त्यांना शिकवलेलं. सगळी पंगत गौरीच्या पायांवर बसली. तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. वर काढल्यावर एवढंच म्हणाली, "मी आता कधीच न्हाई उतरणार."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. पोळी बंद केली, तर मासे जास्तच भुकेले. शेवटी बायकोनंच तोडगा काढला.

"तुम्ही पलीकडच्या कोपऱ्यात बसा. पाण्यात नुसते पाय हलवत राहा."

"पोळी घेऊ?"

"काही नका घेऊ. तुम्ही आले की ते येतात बराबर."

आले! सुट्टीभर मी कोपऱ्यात बसून चिमटे सोसले आणि अलीकडे गौरी आईचा हात धरून पाय मारत राहिली. सुट्टी संपताना तिनं कॅन सोडला.

जालन्याला परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, पोहायला कुणी शिकवलं गं?

"आईनं," गौरी म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "पप्पा पण होते ना. त्यांना मासे खाऊन राह्यले होते."